आप्पांची वही

आमच्या घरी टी. व्ही.शेजारच्या फळीवर एक दोनशे पानी वही आहे. तिला सुतळी बांधून पेन लटकवले आहे, कारण मोकळे ठेवलेले पेन आमच्या घरात दोन दिवसांच्या वर टिकत नाही. वहीत मी पट्टीने चार रकाने आखले आहेत. पहिला तारखेचा, दुसरा वजनाचा, तिसऱ्याचे नाव ‘पाय’ आणि चौथ्याचे ‘उशा’. घरी आलेला एखादा पाहुणा सहज ती वही चाळतो आणि विचारतो, ‘हा कसला हिशेब?’ तो हिशेब माझ्या आजोबांच्या हृदयाचा आहे.

आजोबांना आम्ही सारे आप्पा म्हणतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये, बेळगाव जिल्ह्यात पुराने हाहाकार उडवला होता त्याच दिवसांत, त्यांच्या छातीत दुखू लागले. त्यांनी ते गॅसवर ढकलले. ओवा खाल्ला, सोडा प्याला, आणि रात्रभर भिंतीला टेकून बसून राहिले. सकाळी घामाने भिजलेला सदरा पाहून आईने आरडाओरडा केला तेव्हा कुठे रिक्षा आली. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला, जीव वाचला. पण त्या एका रात्रीत हृदयाचा बराच स्नायू निकामी होऊन गेला होता. निरोगी हृदय प्रत्येक ठोक्याला आपल्यातील निम्म्याहून अधिक रक्त बाहेर फेकते. आप्पांचे हृदय ३५ टक्केच फेकते. आमच्या बेळगावात याला सरळ ‘पंपिंग कमी आहे’ असे म्हणतात, आणि मला तो शब्दप्रयोग डॉक्टरी नावापेक्षा अधिक नेमका वाटतो.

असे हृदय एकदा थकले, की शरीरात पाणी साठू लागते. म्हणून रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, वजन करायचे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ती चरबी नव्हे, पाणी; लगेच दवाखाना गाठायचा. पायाच्या घोट्यावर बोट दाबून खड्डा राहतो का ते पाहायचे. हे दोन रकाने डॉक्टरांनी सांगितलेले. उशांचा रकाना मात्र माझा. फुप्फुसांत पाणी चढू लागले, की माणसाला आडवे झोपवत नाही. एक उशी पुरत नाही, दोन लागतात, मग तीन. आप्पा तोंडाने कधी सांगणार नाहीत की मला धाप लागते. पण सकाळी त्यांच्या अंथरुणात किती उशा आहेत ते मोजता येते.

आप्पा उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मोल्डर होते. चौतीस वर्षे त्यांनी वाळूचे साचे केले. ओली वाळू चाळायची, पेटीत ठासायची, पॅटर्न अलगद काढून घ्यायचा, आणि त्या पोकळीत धगधगते लोखंड ओतायचे. घरी यायचे तेव्हा कानांच्या पाळ्यांमागे काळी रेघ असायची, ती साबणाने जात नसे. त्या फौंड्रीने आमचे घर उभे केले, माझ्या वडिलांना शिकवले. तेव्हा फौंड्रीविषयी वाईट बोललेले आप्पांना खपत नाही. धुळीचे नाव काढले की त्यांचे ठरलेले उत्तर असे: ‘सारा जन्म वाळूत काढलाय मी. ह्या धुळीनं काय होतंय मला? कशाला घाबरतीस?’

निवृत्तीनंतर त्यांचे जग म्हणजे आमच्या घरापुढचा कट्टा. शहापुरातल्या आमच्या गल्लीत जुन्या घरांना पुढे दगडी कट्टे आहेत. संध्याकाळी पाच ते साडेसात या वेळात आप्पा तिथे बसणार, शेजारचे निवृत्त कन्नड शाळामास्तर येणार, कोपऱ्यावरचे शिंपीकाका दुकान मुलावर सोपवून येणार. आप्पा मराठीत बोलतात, मास्तर कन्नडमध्ये, शिंपीकाका ज्याचे म्हणणे पटेल त्याच्या भाषेत. ऊस, निवडणूक, कोणाच्या मुलीचे कोठे जमले, याशिवाय त्या कट्ट्यावर दुसरे विषय नसत. पण हृदयविकाराच्या गोळ्यांइतकाच तो कट्टा आप्पांना लागू पडला होता, असे मी आजही म्हणेन.

२०२४ च्या जानेवारीत आमच्या गल्लीतला रस्ता गटाराचा नळ घालण्यासाठी उकरला गेला. काम कोणाचे होते याच्याशी मला कर्तव्य नाही. दोन महिन्यांचे म्हणून सांगितलेले काम पाच महिने चालले, एवढे खरे. चर खणला, नळ घातला, वर लाल मुरूम टाकला आणि माणसे दुसरीकडे निघून गेली. त्या मुरमावरून टिपर जाऊ लागले, मोठ्या रस्त्याची कोंडी टाळण्यासाठी दुचाक्याही आमच्याच गल्लीत शिरू लागल्या. आठवड्याभरात मुरमाचे पीठ झाले. तुळशीची पाने तपकिरी झाली. दोरीवरचे कपडे झटकले की नाकाला झिणझिण्या येत. आई दुधाच्या पातेल्यावर ताटली आणि ताटलीवर फडके ठेवू लागली. कट्ट्यावर बसणाऱ्या तिघांच्या पापण्या संध्याकाळी लाल दिसत. ‘धूळ भाळ आगेद री,’ मास्तर म्हणत. धूळ हा शब्द मराठीत आणि कन्नडमध्ये जवळजवळ एकच आहे. त्या वर्षी आमच्या गल्लीत दोन्ही भाषांत तोच सर्वांत जास्त वापरला गेला असावा.

सगळे तक्रार करीत होते. कपड्यांची, डोळ्यांची, लहान मुलांच्या खोकल्याची. शिंपीकाकांच्या सुनेला दमा आहे. तिला माहेरी पाठवले. धुळीने खोकला होतो, दमा वाढतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आप्पांना खोकला नव्हता. त्यामुळे धुळीचा आणि त्यांचा काही संबंध असेल हे कोणाच्या मनातही आले नाही. माझ्याही नाही. मी विज्ञानाची विद्यार्थिनी, आणि रोज त्यांचे वजन लिहिणारी.

आता ती वही उघडली की दिसते. जानेवारीत ‘उशा’च्या रकान्याखाली एकासारखा एक आकडा आहे. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून मधूनमधून दोन येऊ लागतात. मार्चमध्ये दोन हे नेहमीचे होतात. वजन मात्र जागच्या जागी होते, पायावर खड्डा नव्हता, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. मार्चच्या शेवटी तीन उशा दिसतात आणि त्याच्या पुढल्या तीन दिवसांत वजन दोन किलो दोनशे ग्रॅमने चढते. चौथ्या दिवसाची ओळ कोरी आहे. त्या पहाटे तीन वाजता आप्पा अंथरुणात उठून बसले होते, तोंड उघडे टाकून हवा ओढीत होते, आणि त्यांच्या छातीतून उकळत्या भातासारखा आवाज येत होता.

चार दिवस ते रुग्णालयात होते. इंजेक्शने देऊन शरीरातले पाणी काढले. डॉक्टरांनी विचारले, मीठ जास्त झाले का? गोळी चुकली का? पाणी किती पितात? कोठे लग्नकार्यात जेवले का? प्रश्न अगदी बरोबर होते, आणि एका लग्नात ते जेवलेही होते; पापड आणि लोणचे यांवर त्यांचा जीव. सगळे खापर त्या पंगतीवर फुटले. हवेविषयी कोणी विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. विचारले असते तरी आम्ही काय सांगितले असते? ‘धूळ आहे जरा’ एवढेच ना!

त्यानंतर मी वाचू लागले. आमच्या प्राध्यापकांनी दोन-तीन लेख हातात ठेवले, पुढचे मी शोधले. जे वाचले ते सारे इथे सांगत नाही; ज्या गोष्टींनी माझी झोप उडवली तेवढ्याच सांगते.

धूळ म्हणजे एक वस्तू नव्हे. डोळ्यांत जाते, कपड्यावर बसते ती जाड धूळ बहुतांशी नाकात आणि घशात अडते. दहा मायक्रॉनच्या आतले कण श्वासनलिकांत उतरतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. अडीच मायक्रॉनच्या आतले कण मात्र फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या, द्राक्षाच्या घोसासारख्या हवेच्या पिशव्यांपर्यंत पोचतात, आणि तिथून रक्त एका पातळ पडद्याच्या अंतरावर असते. त्याहूनही बारीक कण हा पडदा ओलांडू शकतात. हे तपासण्यासाठी एडिंबरोच्या शास्त्रज्ञांनी एक विलक्षण प्रयोग केला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी निरोगी स्वयंसेवकांना सोन्याचे अतिसूक्ष्म कण हवेतून हुंगायला दिले. सोनेच का, तर ते शरीरात एरवी नसते आणि शरीराशी भांडतही नाही. काहींच्या रक्तात ते सोने पंधरा मिनिटांत सापडले. तीन महिन्यांनंतरही ते शरीरातून पुरते गेले नव्हते. आणि ज्या रुग्णांच्या मानेतील रक्तवाहिनीत चरबीचा थर साचला होता, त्यांच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या थरातही ते सोने मिळाले. म्हणजे जिथे आधीच दुखणे आहे, नेमके तिथेच ते जाऊन बसले. सोन्याच्या जागी डिझेलची काजळी घातली, की पुढचे वेगळे सांगायला नको.

परंतु कण रक्तात शिरलाच पाहिजे असेही नाही. फुप्फुसात तो नुसता जाऊन बसला तरी तिथे दाह सुरू होतो आणि त्या दाहाची द्रव्ये रक्तात उतरतात. रक्त अधिक सहज गोठू लागते, रक्तवाहिन्या सैल पडायच्या तिथे आवळतात. फुप्फुसातल्या मज्जातंतूंनाही डिवचले जाते, आणि हृदयाच्या ठोक्यांचा ताल बिघडू शकतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या वीस पुरुषांना एका खोलीत अधूनमधून सायकल मारायला लावली. एकदा शुद्ध हवेत आणि एकदा डिझेलचा विरळ केलेला धूर सोडून. तासाभराचाच प्रयोग. धुरात सायकल मारताना त्यांच्या हृदयाच्या आलेखावर रक्त कमी पडत असल्याची खूण अधिक ठळक उमटली, आणि गुठळी विरघळवण्याची शरीराची शक्तीही उणावली. तो धूर काही अघोरी नव्हता. गर्दीच्या रस्त्यावर मिळतो तितकाच.

हे सगळे मी एका रात्री आप्पांना समजावून सांगत होते. शब्द जड होत होते, ते जांभया देत होते. शेवटी मी म्हटले, ‘आप्पा, एवढंच समजा की त्या कणांनी रक्तवाहिन्या आवळतात. मग हृदयाला जास्त जोर लावावा लागतो.’

ते एकदम सरळ होऊन बसले. ‘म्हणजे सायकलच्या पंपासारखं म्हण की! पंपाच्या तोंडावर बोट दाबून धर आणि दांडा मार. हात भरून येतोय की नाही? तसंच.’ मग जरा थांबून स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाले, ‘आणि माझ्या पंपाचा तर वायसरच झिजलाय.’

मी वाचलेल्या कोणत्याही लेखात हे इतके स्वच्छ सांगितलेले नव्हते. धडधाकट माणसाचे हृदय त्या आवळण्याला पुरून उरते, त्याला काही कळतही नाही. झिजलेल्या वायसरच्या पंपाला ते झेपत नाही. मागे रक्त तुंबते, फुप्फुसांत पाणी उतरते, आणि घरात उशांची संख्या वाढते.

हे ज्ञान काही काल-परवाचे नव्हे, याचेच मला अधिक आश्चर्य वाटले. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर पाच दिवस कोळशाच्या धुराचे धुके बसले होते. तेव्हा चार हजार माणसे नेहमीपेक्षा जास्त मेली असे मानले गेले. पुढे काही संशोधकांनी हिशेब पुन्हा केला तेव्हा हा आकडा बारा हजारांपर्यंत गेला. त्यांत छातीच्या आणि हृदयाच्या जुन्या दुखण्याचे लोक फार होते. पण असा धूर म्हणजे एक आपत्ती, रोजच्या हवेचे काय, असे म्हणायला तेव्हा जागा होती. ती जागा १९९३ साली हार्वर्डच्या संशोधकांनी काढून घेतली. त्यांनी अमेरिकेतल्या सहा गावांतील आठ हजारांहून अधिक माणसांवर चौदा ते सोळा वर्षे लक्ष ठेवले होते. विडी-सिगारेट, वय, धंदा यांचा हिशेब वजा केल्यावरही, सर्वांत मळक्या हवेच्या स्टुबेनव्हिलमध्ये मृत्यूचे प्रमाण सर्वांत स्वच्छ हवेच्या पोर्टेजपेक्षा २६ टक्क्यांनी अधिक निघाले. स्टुबेनव्हिल हे पोलादाच्या कारखान्यांचे गाव. आप्पांना हे सांगितले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे जरा गंभीरपणे पाहिले. ‘तिथं पण मोल्डर असतील,’ एवढेच म्हणाले.

जागतिक आरोग्य संघटनेचा एक आकडा मी वर्गात सांगितला तेव्हा कोणाला पटेना. घराबाहेरच्या दूषित हवेमुळे २०१९ साली जगात जे अकाली मृत्यू झाले, त्यांतले सुमारे ६८ टक्के हृदयविकाराने आणि मेंदूच्या झटक्याने झाले; फुप्फुसांच्या रोगांचा वाटा उरलेल्या तिसऱ्या हिश्श्यात. आपण मात्र धूळ म्हटले की खोकल्याचे औषध शोधतो.

आणि बेळगावची हवा तर चांगली! लहानपणापासून आपण ऐकतो, बेळगाव म्हणजे गरिबांचे महाबळेश्वर. केंद्र सरकारने २०१९ च्या जानेवारीत शहरांची हवा सुधारण्याची योजना सुरू केली. हवेची मर्यादा ओलांडणाऱ्या शहरांच्या तिच्या यादीत कर्नाटकातली चार नावे आहेत: बंगळूर, हुबळी-धारवाड, दावणगेरे आणि कलबुर्गी. बेळगाव नाही. यादीत नाही याचा आनंद व्हायला हरकत नाही. पण यादी पूर्ण शहराची असते आणि श्वास गल्लीतला घ्यावा लागतो. शिवाय मर्यादा कोणती धरायची? अडीच मायक्रॉनच्या आतल्या कणांसाठी भारताने २००९ साली वर्षाच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम ठरवली; जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती ५ वर आणली. आपण नियमात राहूनही आठपट असू शकतो.

इथवर आल्यावर माझी खात्री झाली होती की आप्पांना रुग्णालयात नेले ते त्या रस्त्याने. मी वही घेऊन आमच्या प्राध्यापकांकडे गेले. त्यांनी शांतपणे पाने उलटली आणि विचारले, ‘लग्न कोणत्या तारखेला होते?’ मी सांगितले. ‘त्या आठवड्यात उकाडा किती होता? गोळ्या वेळेवर घेतल्या होत्या का? आणि एका माणसावरून सिद्धान्त काढतेस?’ मला राग आला, पण उत्तर नव्हते. २०१३ साली ‘लॅन्सेट’मध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून एक निष्कर्ष मांडला गेला आहे: हवेतले सूक्ष्म कण घनमीटरमागे दहा मायक्रोग्रॅमने वाढले, की हृदय दुबळे असलेल्यांचे रुग्णालयात भरती होणे किंवा मृत्यू पावणे सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. दोन टक्के म्हणजे लाखोंच्या शहरात पुष्कळ माणसे. पण ती कोणती माणसे, हे कधीच बोट ठेवून दाखवता येत नाही. पापडाने तुंबवले की धुळीने, हे आप्पांच्या फुप्फुसातल्या पाण्यावर लिहिलेले नव्हते. मी आजही ते सिद्ध करू शकत नाही. कदाचित दोघांनी मिळून केले असेल. उशा मात्र लग्नाच्या पाच आठवडे आधीपासून वाढत होत्या, एवढेच माझ्या बाजूने आहे.

आणि त्या प्राध्यापकांनीच दुसरा एक प्रश्न विचारला, तो माझ्या जिव्हारी लागला. ‘बाहेरच्या रस्त्याचं ठीक आहे. घरात काय जळतं?’

आमच्या परसात तांब्याचा बंब आहे. आजीच्या माहेरचा. पहाटे साडेपाचला आई तो पेटवते. लाकडाचे ढलपे, नारळाच्या करवंट्या, कधी जुने पुठ्ठे, आणि हाताला लागलीच तर एखादी प्लॅस्टिकची पिशवीही. आप्पांच्या खोलीची खिडकी परसात उघडते. दिसणारी लाल धूळ नाकात अडते. पण लाकडाच्या धुराचे कण जवळजवळ सगळे अडीच मायक्रॉनच्या आतले. मी घरी येऊन वही मागे उलटली. २०२३ च्या डिसेंबरात, रस्ता अजून शाबूत असताना, ऐन थंडीत, जेव्हा परसातला धूर वर न जाता जमिनीलगत साचतो, तेव्हाही चार-पाच ठिकाणी ‘उशा: २’ लिहिलेले होते. माझ्याच अक्षरात. मी ते लिहून विसरले होते.

एवढ्यावर थांबले असते तरी बरे. पण संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी पुढचे अंगण आणि कट्ट्यासमोरची वाट झाडून काढायचे काम माझे. लक्ष्मी यायच्या वेळी केर नको, म्हणून सहाला मी खराटा घेते. सहालाच आप्पा कट्ट्यावर असतात. पाच महिने, रोज, त्या मुरमाच्या पिठात कोरडा खराटा मारून त्यांच्या तोंडापुढे लाल ढग मी उठवला होता. वर ‘आप्पा, जरा पाय वर घ्या’ असेही म्हटले होते. टिपरवाल्यांना नावे ठेवीत ठेवीत.

आजी होती तेव्हा असे नव्हते. ती आधी सडा घाली, मग झाडी. सडा अंगण शेणाचे असताना घालायचा, आता फरशी आली, तेव्हा सड्याची गरज काय, असे आम्ही ठरवून टाकले होते. मी पुन्हा पाणी शिंपडू लागले. त्याने सूक्ष्म कण बसतात असा माझा दावा नाही. टिपरच्या धुराला चूळभर पाणी काय करणार? पण निदान मी उठवलेली धूळ तरी मी बसवू शकत होते. घरात केरसुणीऐवजी ओल्या फडक्याने पुसणे सुरू केले. पहाटेचे दोन तास आप्पांच्या खोलीची खिडकी बंद. सकाळचे फिरणे गर्दीच्या रस्त्याने न करता, भाऊ त्यांना दुचाकीवरून टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या झाडांत नेऊन सोडतो.

मास्कचे भांडण निराळे. कोरोनाच्या काळातले एन-९५ घरात पडून होते. बीजिंगमध्ये हृदयविकार असलेल्या ९८ जणांना भर शहरात दोन तास चालायला लावून केलेला एक प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला आहे. चांगला मास्क लावून चालताना त्यांचा रक्तदाब कमी राहिला, त्रास कमी जाणवला आणि हृदयाच्या आलेखावरच्या खुणाही कमी दिसल्या. मी तो आप्पांना वाचून दाखवला. त्यांनी मास्क लावला, पाच मिनिटांनी काढला. ‘आधीच धाप, त्यात ही चिंधी. चीनच्या लोकांना लाव जा.’ डॉक्टरांना विचारले तर त्यांनीही सांगितले, ज्याने जीव गुदमरतो ते बळजबरीने लावू नका. बाजारात जाताना ते तो लावतात, हनुवटीवर.

सर्वांत कठीण होता कट्टा. मी म्हटले, रस्ता होईपर्यंत संध्याकाळी आत बसा. दोन दिवस ते आत बसले. टी. व्ही. लावला, बंद केला. वजन वाढले नाही, उशी एकच, पाय स्वच्छ. वही अगदी खूष. आणि आप्पा असे दिसत होते, की जणू कोणी त्यांना कामावरून काढून टाकले आहे. तिसऱ्या दिवशी ते आईला म्हणाले, ‘हार्टसाठी कट्टा सोडायचा म्हंजे ते हार्ट काय पुजायला ठेवायचंय?’ मला यावर काही बोलता आले नाही. हवेतल्या कणांचा परिणाम मोजणारे पुष्कळ लेख मी वाचले होते. मास्तरांशी न बोलता घालवलेल्या संध्याकाळीचा परिणाम मोजणारा रकाना माझ्या वहीत नव्हता.

तोड काढली ती मास्तरांनी. आमच्या गल्लीच्या आतल्या अंगाला एक मारुतीचे देऊळ आहे. त्याचा चौक रस्त्यापासून दोन घरे आत, पिंपळाखाली, आणि तिथे वाहन जात नाही. एके दिवशी मास्तर सरळ येऊन आप्पांच्या हातात काठी देऊन म्हणाले, ‘नडी री, अल्ले कूडोणु.’ चला, तिकडेच बसू. तेव्हापासून बैठक तिथे हलली. शिंपीकाका सुरुवातीला कुरकुरले, कारण तिथून त्यांना दुकान दिसत नाही. अंतर म्हणाल तर आमच्या कट्ट्यापासून पन्नास-साठ पावले. तेवढ्याने हवा किती बदलते हे मोजायला माझ्याकडे यंत्र नाही. मोठी वाहने जिथून जातात तिथून दूर गेले की काजळी झपाट्याने विरळ होते, एवढे वाचनात आले होते, त्यावर मी समाधान मानले.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात वळीव कोसळला. अर्धा तास गारा, मग दणदणीत पाऊस. गल्लीतून लाल पाणी वाहिले आणि तुळशीची पाने पुन्हा हिरवी दिसली. जूनमध्ये रस्त्यावर डांबर पडले. २०२५ च्या फेब्रुवारीत कसलीशी केबल घालायला त्याच रस्त्याला नवा चर पडला, तेव्हा आप्पांनी मला वहीत पाचवा रकाना आखायला सांगितला. त्याचे नाव ‘हवा’. तो ते स्वतः भरतात, मोल्डरच्या जाड बोटांनी, शिसपेन्सिलीने. ‘बरी’, ‘टिपर ४’, ‘कोपऱ्यावर कचरा पेटवला’, असे काही असते. त्याचे प्राध्यापक काय करतील ते करोत.

बंबाचा प्रश्न सुटलेला नाही. गॅसचा गीझर बसवला आहे, पण सिलिंडर महिनाअखेरीला पुरत नाही आणि आईचे म्हणणे असे, की बंबाच्या पाण्याची ऊब गीझरला नाही. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ती गुपचूप बंब पेटवते आणि आम्ही उठायच्या आत राख टाकून येते. आप्पांच्या खोलीची खिडकी बंद असते, तेव्हा त्यांना कळत नाही असा तिचा समज आहे. काल सकाळी वजन लिहायला मी वही उघडली. पाचव्या रकान्यात पेन्सिलीने लिहिले होते: ‘बंब. ५.४०.’ आईने ते अजून वाचलेले नाही.